फूल पडेल तिथवर

गंगीकाकी चालत निघाली की मागून बघणाऱ्याला वाटायचं, हिच्या डोक्यावर भारा आहे. भारा नसला तरी मान तशीच ताठ आणि एका बाजूला जराशी कललेली. एवढं गवत वाहिलं तिनं, की मानेला दुसरं काही आठवतच नसावं.

ती माझ्या वडिलांची चुलत भावजय. आमचा तांडा केळापूरच्या अलीकडे, नाल्याला लागून. घरात आम्ही गोर बोली बोलतो. इथं सगळ्यांचं बोलणं वऱ्हाडीत लिहिते, म्हणजे कोणालाही कळेल; फक्त 'याडी' म्हणजे आई आणि 'भिया' म्हणजे भाऊ, एवढे शब्द तसेच ठेवले.

काकीचा नवरा धावजीकाका. बैलांच्या पाठीवर माल लादून गावोगाव जाणाऱ्यांतला आमच्याकडचा तो शेवटचाच. मोटारी आल्या आणि बैलांना काम उरलं नाही. बैल विकून त्यानं नाल्याकाठचं काळं शेत घेतलं आणि काकीच्या अंगावरची चांदी मोडून वरचं बरड घेतलं. शेत पुढे देवसिंगच्या, म्हणजे मुलाच्या नावावर झालं. बरड मात्र काकीच्याच नावावर राहिलं, कारण चांदी तिची होती.

बरड म्हणजे मुरमाड, दगडगोट्यांचा उतार. त्यावर मोहाची मोठी झाडं, तेंदू, चारोळीची झाडं, पळस आणि गुडघ्याएवढं गवत. नांगर तिथं कधी लागला नव्हता. तांडा फिरायचा थांबला त्या पहिल्या वर्षांत आमच्या माणसांना शेतीच येत नव्हती. बैल हाकता यायचे, नांगर धरता यायचा नाही. पेरलेलं उगवलं तरी निंदताना पीक कोणतं आणि तण कोणतं हे शेजारच्या गावातल्या बायकांना विचारावं लागे. त्या दिवसांत बरडानं पोट भरलं. मोहाची फुलं भाजून तिळासंगं कुटून खाल्ली, गवत विकून ज्वारी आणली. काकी ते विसरली नाही. ती म्हणायची, "हे देवानं पेरलं हाय. देवाच्या पेरनीवर आपन कायले पेरावं?"

देवसिंगला हे पटायचं नाही. तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. घरात खाणारी तोंडं वाढली होती आणि नाल्याला पूर आला की काळ्या शेताचा खालचा भाग दर दोन-तीन वर्षांनी धुऊन जायचा.

"याडी, सारा तांडा हसते मले," तो म्हणायचा. "कापसाले भाव हाय, अन् देवसिंगच्या घरची जमीन माकडायले!"

"माकडायले नाही, ढोरायले."

"ढोरं कोनाची? गावाची. आपल्या त दोन गाई हायत."

"मंग त्या दोन काय हवा खातात?"

तो हात झटकून निघून जायचा. जाता जाता म्हणायचा, "तू हायस तवर हायस." त्याच्या मनात तेवढं वाईट नसेल, पण शब्द काकीला लागायचा.

छप्पन सालच्या पावसाळ्यात काकीला ताप आला तो बरेच दिवस उतरला नाही. उठली तेव्हा हाडं दिसत होती. माझ्या वडिलांना म्हणाली, "रामधन, मले कचेरीत ने. मी डोळे मिटले की दुसऱ्या दिवशी बरडाले कुऱ्हाड लागते. काहीतरी बांधून ठेवलं पाह्यजे."

संक्रांतीनंतर आम्ही गाडी जुंपून पांढरकवड्याला गेलो. मी सातवीत होते, वाचता येतं म्हणून मला घेतलं. कचेरीत गोंधळ होता. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेलेला, त्यामुळे जो तो म्हणे, आता नवीन नियम येणार. एका कारकुनानं काकीचं ऐकून घेतलं.

"आजी, जमीन तुझी आहे. पेर नाही तर पडीक ठेव. तुझ्यामागं ती पोराची. मेलेल्या माणसाचं कोण ऐकतं?"

"मंग काय करू?"

"देवस्थानाला देऊन टाक."

"देवाले काय देऊ बापा, त्याचंच हाय ते. अन् मले देऊन नाही टाकायची. पोराचीच राहू दे. फक्त नांगर-कुऱ्हाड लागू नये."

कारकून हसला. "म्हणजे जमीन त्याची आणि मनाई तुझी! असं कुठं असतं का?" मग कपाटाला कुलूप लावता लावता सहज म्हणाला, "हां, जमिनीत दुसऱ्या कोणाचा हक्क असला, वाटेचा, पाण्याचा, झाडाचा, तर मालकालाही तो मोडता येत नाही. वहिवाट म्हणतात त्याला."

परतताना नाला आला तेव्हा काकी एकदम म्हणाली, "रामधन, मोह त दुसऱ्याचा असू शकते ना?"

आमच्याकडे यात नवल नव्हतं. शेत एकाचं आणि त्यातला मोह दुसऱ्याचा, हे कितीतरी ठिकाणी चालत आलेलं. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि जमिनीवरून वेचावी लागतात. त्यामुळे ज्याचं झाड त्याला खालची जागा झाडून घेण्याचा आणि तिथवर जाण्याचा हक्क आपोआप असतो. काकीनं ठरवलं, बरडावरची झाडं तांड्याच्या लेकींना वाटायची.

चैत्रात फुलं पडू लागली तेव्हा तिनं सगळ्या सासुरवाशिणींना बोलावणं धाडलं. तिची सख्खी लेक जमना मारेगावकडून आली. दिरांच्या, पुतण्यांच्या लेकी आल्या. तांड्याचा मुखिया हिरासिंग नाईक आणि मोठी माणसं बरडावर जमली. आमच्या देवाचं, सेवाभायाचं नाव घेऊन, गुळाचा भोग दाखवून काकीनं एकेकीला एकेका झाडाशी नेलं आणि झाडाला हात लावायला सांगितलं. माझं लग्न झालेलं नव्हतं म्हणून मी नुसती बघत होते.

नाईकानं मोठ्यानं सांगितलं, "आयका. फुलं, बिया, खालचं गवत झाडवालीचं. जिथवर फूल पडन तिथवर जागा झाडाची, तिथं नांगर नाही. तिथवर जायाची वाट मोकळी. बाकी जमीन भाभीच्या मागं देवसिंगची. देवसिंग, कबूल?"

सगळ्या तांड्यासमोर, बहिणींसमोर विचारल्यावर तो काय म्हणणार? "कबूल," म्हणाला. मग हसून विचारलं, "अन् लेकीयनं झाड सोडलं त?"

"सोडलं त तू मोकळा," काकी म्हणाली. तिला वाटलं, लेकी कशाला सोडतील?

सगळ्यात वर, उताराच्या टोकाशी एक मोह उरला होता. फार लांब, म्हणून कोणी मागितला नव्हता. काकीनं हाक मारली, "मथुरे, ये."

मथुराबाई शेजारच्या गावची, श्रावणची बायको. काकीसंगं गवत कापायला यायची. आदल्या दसऱ्याला तिच्या वस्तीतली घरं बौद्ध झाली होती आणि मेलेली ढोरं ओढायचं काम त्यांनी सोडलं होतं. त्याचा राग म्हणून गावच्या शेतवाल्यांनी त्यांना धुऱ्याबांधावरचं गवतसुद्धा कापू देणं बंद केलं. तेव्हा तिला गवत मिळायचं ते फक्त काकीच्या बरडावर.

माणसांत कुजबुज झाली. नाईक म्हणाला, "भाभी, मथुरा तांड्याची लेक नाही."

"तांड्याची नसन. माही हाय."

"ते कशी?"

"जिच्यासंगं गवत कापलं, एका चटनीत भाकर बुडवून खाल्ली, ते लेक नाही त काय सून हाय?"

काकीचं सुनेशी कसं जमतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. हशा पिकला, नाईकही हसला आणि त्या हशातच मथुराबाईनं झाडाला हात लावला.

त्या साली बरड फार छान राखलं गेलं. लेकी येऊन फुलं वेचून गेल्या, गवत आपसांत वाटून घेतलं. काकी मात्र थकत चालली होती. संध्याकाळी दारात बसून पाय चोळत म्हणायची, "आता माहं काम झालं. आता त्यायचं."

देवसिंग पावसाळाभर काही बोलला नाही. मग दिवाळी आली. त्यानं आमच्या सगळ्यांच्या गाड्या मागून घेतल्या आणि बहिणींना आणायला स्वतः फिरला. चुलत, मावस, कोणी सोडली नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात सगळ्यांना जेवू घातलं आणि प्रत्येकीच्या ओटीत फेटियाचं, म्हणजे आमच्या घागऱ्याचं, नवं कापड टाकलं. लाल, हिरवं, आरशाच्या कामाला शोभेल असं. इतकं कापड त्यानं कुठून, कसं आणलं देव जाणे. त्याच्या स्वतःच्या बायकोच्या फेटियाला ठिगळ होतं.

मग तो खाली बसला आणि नुसतं म्हणाला, "बाई हो, यंदा बी नाल्यानं शेत नेलं. लेकरं उपाशी राह्यतीन. पुढं तुमची मर्जी."

जमना उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"भिया, मले झाड कायले? तुह्या लेकरायच्या तोंडातला घास मी नेऊ? तू मले दिवाळीले न्याले येतं, माहेरचं पानी पाजतं, तेवढं पुरे. माहं झाड तुले."

"जमना, विचार करून बोल," माझे वडील म्हणाले.

"यात कायचा विचार, काका? भावाले नाही म्हनू काय?"

तिच्यामागून दुसरी उठली, मग तिसरी. एक जरा थांबली, तर शेजारची तिला म्हणाली, "काहून वं, तुले भाऊ जड झाला काय?" तीही उठली. जेवणाची पानं उचलायच्या आत सगळं बरड मोकळं झालं होतं.

काकी दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. तिनं एकीलाही अडवलं नाही. पोरी पाया पडायला आल्या, तर एकेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "काकी, तुले राग नाही आला?"

"कोनावर येऊ दे?" ती म्हणाली. "मी बी माह्या भावाले माहं सारं सोडून आलती. या पोरीयले मीच त शिकवलं, भावाले नाही म्हनू नये. अन् त्यायच्याच भरवशावर बरड ठेवलं. पाह्य बरं, कशी अक्कल माही!" ती हसली, पण त्या हसण्यात जीव नव्हता. "थकली बाई मी. देवाले म्हनलं, आता तुहं तू पाह्य."

एक झाड उरलं होतं, मथुराबाईचं. देवसिंग एक नवं लुगडं घेऊन तिच्या घरी गेला. मी तिथंच होते. त्यांची मुलगी प्रभावती माझ्या वर्गात, तिच्याकडे पुस्तक मागायला गेले होते.

"राम राम, मथुराबाई."

"जय भीम, देवसिंगदादा. आज वाट चुकले काय?"

"दिवाळी हाय. म्हनलं बहिनीले लुगडं द्यावं."

मथुराबाईनं लुगड्याचा काठ बोटांत धरून पाहिला. "पोत चांगलं हाय. पन आमची दिवाळी त बंद झाली ना. परसालच्या दसऱ्यापासून आम्ही ते सारं सोडलं."

"लुगडं घ्याले दिवाळीच कायले लागते?"

"तेच म्हन्ते मी. दिवाळीचं नसन, भाऊपनाचं नसन, असंच देत असशील त दे. नेसते. झाडाचं मात्र बोलू नको."

देवसिंगचा चेहरा उतरला. "याडी तुले लेक म्हन्ते. मंग मी कोन?"

"तेच त मी इचारून राह्यली. उन्हाळ्यात विहिरीवर माही घागर तुह्या घागरीले लागली, तवा तू बाटलं म्हनून पानी सांडून टाकलं. तवा मी कोन होती?"

देवसिंग लुगड्याची घडी घालू लागला, पण ती नीट बसेना.

"आन इकडं," म्हणून मथुराबाईनंच ती घालून दिली. "घरी ने. तुह्या बायकोचं फाटलं हाय, तिले दे. ते लुगडं नेसत नसन त उशीले घेईन."

माघात कुऱ्हाडी लागल्या. जमीन अजून काकीच्या नावावर होती, पण 'सोडलं त तू मोकळा' हा सगळ्या तांड्यासमोरचा शब्दही तिचाच होता, तो ती मोडणार नव्हती. काकी दारात बसून असायची. झाड पडलं की जमिनीतून आवाज यायचा, भांडी थरथरायची. ती उठून आत जायची नाही, कानावर हात ठेवायची नाही. फक्त एकदा म्हणाली, "हे जमनाचं." कोणतं झाड पडलं हे तिला आवाजाच्या दिशेवरून कळत होतं.

उतार साफ झाल्यावर भांडण निघालं ते हद्दीचं. देवसिंगचं म्हणणं, मथुराचं झाड राहू दे, पण मी बुंध्यापर्यंत नांगरणार. काकीनं नाईकाला निरोप धाडला. नाईक चैत्र लागायची वाट बघत थांबला आणि फुलं पडू लागल्यावर एका सकाळी सगळ्यांना घेऊन वर गेला. काकीला चढ चढवत नव्हता. मथुराबाईनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. अर्ध्या वाटेत ती खाली बसली. म्हणाली, "तुम्ही जा, मी येते." आम्ही थांबलो आणि तिला घेऊनच वर पोचलो.

वर नाईक म्हणाला, "शब्द काय होता? फूल पडन तिथवर. दूरच्या फुलावर गोटे ठेवा."

मथुराबाई ठेवत गेली. देवसिंग मागून फिरत होता.

"हे फूल वाऱ्यानं आनलं! हे धरू नको."

"फूल फूल हाय."

"असं वाऱ्याचं धरशील त तुही हद्द माह्या चुलीपर्यंत येईन!"

"येईन त भाकरी बी थापीन, भिऊ नको."

नाईकानं हात वर करून दोघांना गप्प केलं आणि वाऱ्याची दोन-चार फुलं सोडायला लावली. मग वाटेचा प्रश्न आला. देवसिंग म्हणाला, एक माणूस जाईल एवढी वाट पुरे. नाईकानं काकीकडे पाहिलं.

"मथुरा एकटी नाही येत गवताले," काकी म्हणाली. "दोघी बायका डोक्यावर भारे घेऊन समोरासमोर आल्या, त भाऱ्याले भारा घासू नये."

"बरोबर हाय," नाईक म्हणाला. तशी वाट आखली गेली. नाल्यापासून टोकापर्यंत गवताचा तेवढा पट्टा राहिला, आणि वर झाडाभोवतीची जागा. त्या जागेत एक चारोळीचं झाड होतं, तेंदूची झुडपं होती. बाकीचं सगळं बरड त्याच वैशाखात नांगरलं गेलं.

पीक काय आलं म्हणाल, तर दोन वर्षं कापूस बरा आला. मग मुरूम वर येऊ लागला आणि देवसिंग ज्वारी, तीळ पेरू लागला. वाईट नाही, चांगलं नाही. घर चाललं. काकीनं त्याला कधी टोमणा मारला नाही. त्यानंही तिच्या हयातीत हद्द ओलांडली नाही. दर नांगरणीला ती सकाळीच निघून, थांबत थांबत वर जाऊन गोट्यांपाशी बसायची, डोक्यावर पदर ओढून. तो बैल वळवून न्यायचा. दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. ऊन चढलं की तो घरी जाताना पाण्याचं मडकं तिच्यापाशी ठेवून जायचा.

एकदा मी तिच्याजवळ बसले होते. मी म्हणाले, "काकी, एवढ्याशा जागेसाठी कायले उन्हात बसतं?"

"मी मेल्यावर हे टिकते का नाही, ते मले पाहता येनार नाही ना. म्हनून जिती असेपर्यंत पाहून घेते," ती म्हणाली.

बासष्टच्या फाल्गुनात ती गेली. झोपेतच गेली, देवानं तेवढी दया केली. माझं लग्न नेरला झालं होतं. मला निरोप उशिरा मिळाला. वैशाखात माहेरी आले तेव्हा देवसिंगनं नांगर बाहेर काढला होता. वडील म्हणाले, "यंदा तो टोकापर्यंत जाते म्हन्ते. कोन अडवन त्याले? नाईक बी आता अंथरुनावर हाय."

मी सकाळी वर गेले. काय करणार होते मला ठाऊक नव्हतं. सासरी गेलेली पुतणी, माझ्या बोलण्याला वजन ते काय. गेले तर मथुराबाई गोट्यांपाशी बसलेली. काकी बसायची तशीच, पदर डोक्यावर, विळा बाजूला. देवसिंग खालून नांगराचा एकेक तास ओढत वर येत होता. गोट्यांपाशी आला. बैल सवयीनं थांबले. त्यानं त्यांना पुढं हाकलं. ते हलेनात.

"ऊठ, मथुराबाई. बैल अंगावर येतीन."

"येऊ दे. बैल तुह्यापेक्षा शहाने हायत."

"याडी गेली आता. कोनाले दाखवाले बसली?"

"तुले."

त्यानं पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं. त्याचेही केस पांढरे झाले होते, गुडघे दुखत होते; उभं राहतानाही एका पायावर भार टाकायचा. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"एक तास मारू दे," तो म्हणाला. "फक्त एक. कोपरा सरळ होईन."

"वाकडाच राहू दे."

"मानूस हायस का गोटा?"

"उन्हाचं बोलवू नको रे बाप्पा. माहं तोंड वाळलं."

शेवटी देवसिंगनं शिवी हासडली, कोणाला ते कळलं नाही, आणि बैल वळवले. मथुराबाई उठली नाही. तो खालच्या टोकाला पोचून पुन्हा वळला, पुढचा तास गोट्यांच्या अलीकडून गेला, तोवर ती बसून राहिली. मग गुडघ्यांवर हात टेकून, एक हुंकार देत उठली.

"चाल बाई," मला म्हणाली. "उद्या पुन्हा यावं लागन. त्याचं नांगरनं अजून सरलं नाही."